भोपाळनंतर : वकील, राजकारण, पैसा आणि संशयाचा इतिहास

प्रस्तावना

एखादा पूल कोसळतो, रेल्वेचा अपघात होतो, कारखान्यात स्फोट होतो. मृतांचा आकडा नक्की होण्याआधीच काही वाक्ये तुमच्या कानावर येऊ लागतात. ‘आता वकिलांची चांदी होणार.’ ‘राजकारणी यावर पोळी भाजून घेणार.’ ‘पैसा वरच्या वर जिरणार, गरिबाच्या हाती काही लागणार नाही.’ या सर्वांसाठी मराठीत एक कठोर वाक्प्रचार आहे : मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे. तो किती जुना आहे हे सांगता येत नाही. त्यातली शंका मात्र प्रत्येक पिढी नव्याने व्यक्त करते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने या वाक्यांचे काय करायचे? अफवा म्हणून सोडून द्यावीत, तर त्यांतली काही पुढे खरी ठरलेली दिसतात. पुरावा म्हणून घ्यावीत, तर काही साफ खोटी निघतात. या टिपणात आपण एकच उदाहरण घेणार आहोत : १९८४ ची भोपाळ वायू दुर्घटना आणि तिच्यानंतरची चाळीस वर्षे. वकील, राजकारण आणि पैसा या तिन्हींबद्दल तिथे संशय व्यक्त झाला. तो कुठून आला, कितपत खरा होता आणि त्याने कोणाचे काय केले, हे पाहू. वाचताना एक प्रश्न मनात ठेवा : संशयाची किंमत शेवटी कोणी मोजली?

१. घटना

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमधील युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेड या कंपनीच्या कीटकनाशक कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. त्याचे प्रमाण सुमारे ४० टन होते. कारखान्याला लागून दाट वस्ती होती. हजारो माणसे झोपेत किंवा पळता पळता गुदमरून मेली. या कंपनीचे ५०.९ टक्के भाग अमेरिकेतील युनियन कार्बाइड कॉर्पोरेशनकडे होते. उरलेले भाग भारतीय वित्तसंस्था आणि भागधारक यांच्याकडे होते.

मृतांचा आकडा आजही एक नाही. मध्य प्रदेश सरकारने पुढे ३,७८७ मृत्यू मान्य केले. नुकसानभरपाईच्या हिशेबात ५,२९५ मृत्यू धरले गेले. पीडितांच्या संघटना १५ ते २५ हजारांचा आकडा सांगतात. आकड्यांतली ही तफावत लक्षात ठेवा, कारण संशयाची पहिली मुळे तिच्यात आहेत. मृतदेह घाईने दफन किंवा दहन झाले, अनेकांची नोंद झाली नाही, आणि वायूचा परिणाम पुढे अनेक वर्षे होत राहिला. नोंदच अपुरी असेल, तर कोणताही सरकारी आकडा लोकांना लपवाछपवीचा वाटतो.

लोकांच्या संशयाला अनुभवाचाही आधार होता. भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी १९८२ पासून या कारखान्याच्या धोक्याबद्दल लिहीत होते. त्याच वर्षी कंपनीच्या अमेरिकी तज्ज्ञांनी केलेल्या सुरक्षा तपासणीतही त्रुटी नोंदवल्या गेल्या होत्या. तरीही काळजीचे कारण नाही असेच सांगितले जात होते. दुर्घटनेनंतर टाकीत उरलेला वायू निकामी करण्यासाठी डिसेंबरच्या मध्यात सरकारने मोहीम आखली आणि तिचे नाव ठेवले ‘ऑपरेशन फेथ’, म्हणजे विश्वास. ती सुरू होण्याआधीच लोक मोठ्या संख्येने शहर सोडून गेले. त्यांना अडाणी किंवा घाबरट म्हणणे सोपे आहे. पण दोन आठवड्यांपूर्वीचा त्यांचा अनुभव पाहता, सरकारी आश्वासनावर विश्वास न ठेवणे हा त्यांचा शहाणपणाच होता.

२. वकील आले

दुर्घटनेनंतर चार-पाच दिवसांतच अमेरिकी वकील भोपाळमध्ये उतरू लागले. सॅन फ्रान्सिस्कोचे मेल्विन बेली हे त्यांतले सर्वांत गाजलेले नाव. ७ डिसेंबर १९८४ रोजी, म्हणजे चौथ्याच दिवशी, वेस्ट व्हर्जिनियातील संघीय न्यायालयात हजारो भारतीयांच्या वतीने पहिला दावा दाखलही झाला. त्यात १५ अब्ज डॉलरांची मागणी होती. पुढे अमेरिकेच्या संघीय न्यायालयांतील अशा दाव्यांची संख्या १४५ झाली. गल्लीबोळांत वकीलपत्रांवर सह्या आणि अंगठे घेतले गेले. ज्यांच्या घरात प्रेत नुकतेच उठले होते, त्यांच्यापुढे इंग्रजी कागद ठेवला जात होता.

या वकिलांना एवढी घाई का होती, हे समजण्यासाठी दोन देशांतला फरक पाहिला पाहिजे. अमेरिकेत नुकसानभरपाईच्या दाव्यात वकील आधी पैसे घेत नाही. दावा जिंकला तर मिळालेल्या रकमेचा ठरलेला हिस्सा, बहुधा एक तृतीयांशाच्या आसपास, तो घेतो. त्यामुळे गरीब माणूसही मोठ्या कंपनीविरुद्ध उभा राहू शकतो. त्याच पद्धतीमुळे अपघाताच्या ठिकाणी अशील गोळा करण्याची शर्यतही लागते. भारतात बार कौन्सिलच्या नियमांनुसार रकमेतला हिस्सा फी म्हणून ठरवता येत नाही. शिवाय दिवाणी दाव्यात मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात न्यायालयीन शुल्क आधी भरावे लागते. म्हणजे हातगाडीवाला किंवा विडी कामगार मोठ्या रकमेचा दावा करायला निघाला, तर दारातच अडणार.

म्हणून ‘गिधाडे आली’ ही त्या काळातली प्रतिक्रिया अर्धी बरोबर होती. वकिलांना पैसा दिसत होता, यात शंका नाही. पण आपल्याकडे गरिबाला मोठा दावा करण्याची वाटच जवळपास बंद होती, म्हणून परक्या वकिलाचा कागद लोकांना आशेचा वाटला, हेही तितकेच खरे आहे. भारतातील न्यायालयांतही साडेसहा हजारांहून अधिक दावे दाखल झाले होते.

३. सरकार पालक झाले

परक्या वकिलांपासून पीडितांचे रक्षण करायला हवे, हा युक्तिवाद दिल्लीत मान्य झाला. फेब्रुवारी १९८५ मध्ये अध्यादेश निघाला आणि २९ मार्च १९८५ रोजी त्याची जागा भोपाळ वायुगळती दुर्घटना (दाव्यांवरील कार्यवाही) अधिनियमाने घेतली. या कायद्याने सर्व पीडितांच्या वतीने दावा लढण्याचा आणि तडजोड करण्याचा अनन्य हक्क केंद्र सरकारकडे आला. अज्ञान मुलाच्या वतीने पालक जसा निर्णय घेतो, तसे राज्याने नागरिकांच्या वतीने उभे राहायचे, ही त्यामागची कल्पना. कायद्याच्या कलम ४ मध्ये एक सवलत होती. पीडिताला स्वतःचा वकील सोबत ठेवता येईल आणि त्याच्या म्हणण्याचा सरकार योग्य विचार करील, असे त्यात म्हटले होते.

इथे थांबून विचार करा. कायद्यामागचा हेतू वाईट नव्हता. विखुरलेल्या लाखो गरिबांपेक्षा सरकारची ताकद मोठी, आणि सरकार टक्केवारी घेणार नव्हते. पण त्याच सरकारने या कारखान्याला परवाने दिले होते. सरकारी वित्तसंस्थांचा भारतीय कंपनीत हिस्सा होता. राज्य सरकारचे कारखाना निरीक्षक देखरेखीला जबाबदार होते. ज्याची स्वतःची चौकशी व्हायला हवी, तोच पालक झाला, हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला. तो आक्षेप कटाच्या कल्पनेतून आलेला नव्हता, उघड कागदांवर आधारलेला होता.

८ एप्रिल १९८५ रोजी भारत सरकारने न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात स्वतःचा दावा दाखल केला. त्यासाठी सरकारनेही मिनियापोलिसची एक अमेरिकी वकील कंपनी नेमली. परक्या वकिलांच्या विरोधातून सुरू झालेला प्रवास असा परक्या वकिलांपर्यंतच पोचला. फरक एवढाच की आता अशील सरकार होते आणि सूचना देण्याचा हक्क पीडितांकडे उरला नव्हता.

४. न्यूयॉर्कमधला उलटा युक्तिवाद

न्यायाधीश जॉन कीनन यांच्यासमोर मूळ प्रश्न होता : खटला कुठे चालवायचा? इथे भूमिकांची अदलाबदल झाली. भारत सरकारच्या बाजूने सांगितले गेले की भारतातील न्यायालये अशा प्रकरणासाठी सक्षम नाहीत, ती संथ आहेत आणि नुकसानभरपाईचा कायदा तिथे पुरेसा वाढलेला नाही. या बाजूने भारतीय न्यायव्यवस्थेचे अभ्यासक मार्क गॅलंटर यांचे प्रतिज्ञापत्र होते. भारतीय न्यायालये पूर्ण सक्षम आहेत, असे युनियन कार्बाइड म्हणत होती आणि तिच्या बाजूने मुंबईचे ख्यातनाम विधिज्ञ नानी पालखीवाला यांचे प्रतिज्ञापत्र होते.

दोन्ही युक्तिवादांमागे पैसा होता. अमेरिकेत ज्युरी मोठ्या रकमा देते, भारतात तशी प्रथा नव्हती. म्हणून कंपनीला भारत हवा होता आणि भारताला अमेरिका. १२ मे १९८६ रोजी कीनन यांनी खटला भारतात चालवावा असा निर्णय दिला. भारतीय न्यायालयांना अक्षम मानणे ही वसाहतवादी वृत्ती ठरेल, असा त्यांच्या निकालाचा सूर होता. त्यांनी कंपनीवर काही अटी घातल्या. त्यांतली एक, म्हणजे भारतीय न्यायालयाचा निवाडा मान्य करण्याची हमी देण्याची अट, जानेवारी १९८७ मध्ये अपिलात रद्द झाली.

आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवा. १९८६ च्या मार्चमध्ये अमेरिकी खासगी वकील आणि कंपनी यांच्यात ३५ कोटी डॉलरांच्या तडजोडीची बोलणी जवळपास ठरली होती. भारत सरकारने ती रक्कम तुटपुंजी म्हणून नाकारली. खटला भारतात आल्यावर त्या वकिलांच्या टक्केवारीचा आधारच संपला. ‘भोपाळचा पैसा अमेरिकी वकिलांनी खाल्ला’ हे वाक्य तुम्ही कुठे ऐकलेत, तर ते या टप्प्यावर तपासून पाहा. १९८९ ची तडजोडीची रक्कम भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ताब्यात जमा झाली. त्या वकिलांना ती वाटून घेता आली नाही.

५. १९८९ ची तडजोड

भोपाळच्या जिल्हा न्यायालयात सरकारचा दावा १९८६ मध्ये दाखल झाला. मागणी ३.३ अब्ज डॉलरांपर्यंत गेली. डिसेंबर १९८७ मध्ये जिल्हा न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी ३५० कोटी रुपयांच्या अंतरिम मदतीचा आदेश दिला. एप्रिल १९८८ मध्ये उच्च न्यायालयाने ती रक्कम २५० कोटींवर आणली. दोन्ही बाजू सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

तिथे १४ फेब्रुवारी १९८९ रोजी अचानक तडजोड जाहीर झाली : ४७ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ७१५ कोटी रुपये. त्या बदल्यात सर्व दिवाणी दावे संपले आणि फौजदारी कारवाईही रद्द झाली. न्यायालयासमोर विषय होता तो फक्त अंतरिम मदतीचा. कारखान्यात काय घडले, दोष कोणाचा, नुकसान किती, यावर साक्षीपुराव्याची सुनावणी झालीच नव्हती. १९८५ चा कायदा घटनेला धरून आहे की नाही, याचा निकालही अजून यायचा होता. पीडितांना विचारले गेले नव्हते. ही रक्कम कशी ठरली, याची कारणे न्यायालयाने ४ मे १९८९ रोजी, म्हणजे तडजोडीनंतर दिली. त्यात मृतांचा अंदाज सुमारे ३,००० धरला होता.

बातमी आल्यावर न्यूयॉर्कच्या बाजारात कंपनीच्या समभागाचा भाव वधारला. दिल्लीत आणि भोपाळमध्ये पीडित स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. अब्दुल जब्बार यांच्या नेतृत्वाखालची भोपाळ गॅस पीडित महिला उद्योग संघटना त्यांत पुढे होती. ‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ ही भावना देशभर पसरली.

आता या भावनेकडे इतिहासकाराच्या नजरेने पाहा. कोणी कोणाला पैसे दिले, असा कोणताही पुरावा तिच्यापाशी नव्हता. पण चार गोष्टी सर्वांसमोर होत्या. सुनावणी न होता रक्कम ठरली. ज्यांच्या नावाने ठरली त्यांना कळवलेही नाही. कारणे नंतर आली. आणि मागितलेल्या ३.३ अब्जांच्या जागी ०.४७ अब्ज मिळाले. इतक्या गोष्टी बंद दाराआड झाल्यावर लोकांनी आत काय झाले असेल याचा तर्क करावा, हे स्वाभाविक होते.

२२ डिसेंबर १९८९ रोजी चरणलाल साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ चा कायदा वैध ठरवला. तडजोडीपूर्वी पीडितांचे म्हणणे ऐकायला हवे होते, हे मात्र न्यायालयाने मान्य केले. ती उणीव पुनर्विलोकनाच्या सुनावणीत भरून निघेल असे ठरले. ३ ऑक्टोबर १९९१ रोजी पुनर्विलोकनाचा निकाल आला. रक्कम कायम राहिली, फौजदारी खटल्यांवरील बंदी उठली आणि पैसे कमी पडले तर तूट भारत सरकारने भरावी असे सांगितले गेले. भविष्यात आजारी पडणाऱ्यांसाठी सरकारने वैद्यकीय विमा उतरवावा, असाही आदेश झाला.

६. राजकारण : अँडरसन यांची सुटका

राजकारणाबद्दलच्या संशयाचे केंद्र एका दिवसात आहे. ७ डिसेंबर १९८४ रोजी युनियन कार्बाइडचे अध्यक्ष वॉरेन अँडरसन भोपाळला आले. विमानतळावरून त्यांना अटक झाली. त्याच दिवशी २५,००० रुपयांच्या जामिनावर त्यांची सुटका झाली आणि राज्य सरकारच्या विमानाने त्यांना दिल्लीला पोचवले गेले. ते पुन्हा खटल्यासाठी भारतात आले नाहीत. १९९२ मध्ये भोपाळच्या न्यायालयाने त्यांना फरारी घोषित केले. २००३ मध्ये भारताने प्रत्यार्पणाची मागणी केली, ती अमेरिकेने २००४ मध्ये फेटाळली. २०१४ मध्ये अँडरसन यांचे निधन झाले.

या एका घटनेवर वर्ग पाडायचा सराव करू.

पहिला वर्ग, नोंदीतील तथ्य : अटक, जामीन, सरकारी विमान. यावर वाद नाही.

दुसरा वर्ग, आधार असलेले अनुमान : सुटकेचा निर्णय स्थानिक पोलिसांच्या पातळीवर झाला नसावा. सरकारी विमान आपोआप मिळत नाही. तेव्हाचे मुख्यमंत्री अर्जुन सिंह यांनी ऑगस्ट २०१० मध्ये राज्यसभेत सांगितले की केंद्रीय गृहमंत्रालयातून दूरध्वनी आल्याचे त्यांना त्यांच्या मुख्य सचिवांनी कळवले होते. हे एका सहभागी व्यक्तीचे पंचवीस वर्षांनंतरचे निवेदन आहे. त्याला वजन आहे, पण त्या व्यक्तीला स्वतःचा बचावही करायचा होता, हे धरूनच ते वाचायला हवे.

तिसरा वर्ग, तर्क : १९८५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी तिथल्या तुरुंगातील एका भारतीय कैद्याला माफी दिली, ती अँडरसन यांच्या सुटकेची परतफेड होती, असे पुढे अनेकदा म्हटले गेले. माफी ही घटना खरी आहे, सुटकाही खरी आहे. दोन्हींना जोडणारा धागा तर्काचा आहे. दोन खऱ्या घटना शेजारी ठेवल्या की तिसरी आपोआप सिद्ध होत नाही. इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत विद्यार्थ्यांकडून होणारी ही सर्वांत नेहमीची चूक आहे.

तर्क कंपनीच्या बाजूनेही केले गेले, हे विसरू नका. एका असंतुष्ट कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडले, असे युनियन कार्बाइडने मांडले. कंपनीने नेमलेल्या आर्थर डी. लिटल या सल्लागार संस्थेतर्फे अशोक कालेलकर यांनी १९८८ मध्ये त्याचे सविस्तर विवेचन प्रसिद्ध केले. घातपात सिद्ध झाला असता तर दोषाचा भार कंपनीवरून हलला असता, म्हणजे या तर्काचा पैशाशी थेट संबंध होता. तडजोड झाल्याने तो दिवाणी न्यायालयात कधीच उलटतपासणीला उतरला नाही. वायू थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि जादा वायू जाळणारा मनोरा जोडणीतून काढलेला होता, या गोष्टींना मात्र घातपाताच्या सिद्धान्तात उत्तर नाही. पाणी कोणीही सोडलेले असो, सुरक्षेची साधने बंद का होती, हा प्रश्न उरतोच.

७. संशय पीडितांकडे वळला

आतापर्यंत आपण वरच्या लोकांवरचा संशय पाहिला. १९९० नंतर त्याची दिशा बदलली. दावा न्यायालयांत १० लाखांहून अधिक दावे आले. ‘एवढी माणसे बाधित होतीच कशी? पैशासाठी सगळे पुढे आले’ असे बोलले जाऊ लागले. पीडिताने आपण खोटे नाही हे सिद्ध करायचे होते. त्यासाठी त्या रात्री रुग्णालयात गेल्याची चिठ्ठी, रहिवासाचा पुरावा, उपचारांचे कागद लागत होते. विषारी वायूतून अनवाणी पळालेल्या माणसाने कोणता कागद सोबत घ्यायचा? दाव्यांभोवती दलाल उभे राहिले, अशा तक्रारी संघटनांनी वारंवार केल्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा दीर्घकालीन अभ्यास १९९४ मध्ये थांबला. त्यामुळे पुढच्या आजारांचा वायूशी संबंध दाखवणे आणखी अवघड झाले.

शेवटी सुमारे ५ लाख ७४ हजार दावे मंजूर झाले आणि त्यांतील बहुसंख्य लोकांना २५,००० रुपये मिळाले. स्वतः हिशेब करून पाहा. मूळ ७१५ कोटी रुपये ५ लाख ७४ हजार जणांत सारखे वाटले, तर माणशी सुमारे १२,५०० रुपये येतात. प्रत्यक्षात जास्त देता आले, कारण रक्कम डॉलरमध्ये ठेवलेली होती. वाटप रेंगाळले, तोवर व्याज साचले आणि रुपया घसरला. म्हणून २००४ मध्येही सुमारे १,५०० कोटी रुपये शिल्लक होते, आणि ते पीडितांनाच प्रमाणानुसार वाटावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९ जुलै २००४ रोजी दिला. ‘पैसा कुठे गेला?’ या प्रश्नाचे इथले उत्तर कोणाच्या तिजोरीत सापडत नाही. पैसा बँकेत पडून होता. ज्यांच्यासाठी होता त्यांतले कित्येक जण तोवर वारले होते.

७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने भारतीय कंपनीच्या सात माजी अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा दिली, आणि त्यांना लगेच जामीन मिळाला. देशभर संताप उसळला. त्यानंतर केंद्र सरकारने सुमारे ७,८४४ कोटी रुपये जादा भरपाईसाठी उपचारात्मक याचिका केली. १४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ती फेटाळली. तडजोड इतक्या वर्षांनी उघडता येत नाही आणि १९९१ च्या निकालानुसार तूट भरण्याची जबाबदारी सरकारची होती, असे न्यायालयाने सांगितले. १९९१ मध्ये सांगितलेला विमा सरकारने उतरवलाच नव्हता, यावरही न्यायालयाने कठोर ताशेरे ओढले.

त्या विम्याचा विचार करा. बत्तीस वर्षे तो आदेश निकालपत्रात छापलेला होता. त्यात गुप्त असे काहीच नव्हते. अँडरसन यांच्या विमानाबद्दल पिढ्यान्‌पिढ्या बोलले गेले, न उतरवलेल्या विम्याबद्दल क्वचितच. आजारी पडलेल्या माणसाचे नुकसान त्या विम्याच्या अभावाने अधिक झाले.

८. समारोप

भोपाळचा अनुभव आपल्याला काय सांगतो?

वकिलांबद्दलच्या संशयाचा उपयोग पीडितांचा आवाज सरकारकडे सोपवण्यासाठी झाला. सरकारने तो आवाज वापरून, त्यांना न विचारता, तडजोड केली. त्या गुप्ततेतून राजकारणाबद्दलचा संशय वाढला. आणि सर्वांत शेवटी, ज्यांच्याकडे स्वतःचा बचाव करायला वकील किंवा कागद नव्हते, त्या पीडितांवरच खोटेपणाचा संशय येऊन थांबला. सुरुवातीचा प्रश्न आठवा. संशयाची किंमत त्यांनी मोजली.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या दुर्घटनेनंतर ‘कोणीतरी लोणी खात असणार’ असे ऐकाल, तेव्हा हसू नका आणि लगेच मानही डोलावू नका. विचारा : कोणता निर्णय कोणाला न विचारता घेतला गेला? आकडा कोणी मोजला, कोणाला मोजायचा राहिला? आदेश झाला असेल, तर तो पाळला का? या प्रश्नांची उत्तरे बहुधा निकालपत्रांत, अहवालांत आणि विधिमंडळाच्या कामकाजात सापडतात. ती वाचायला वेळ लागतो आणि ती कटाच्या गोष्टीइतकी रंगतदार नसतात. १९८९ मध्ये रस्त्यावर उतरलेल्या स्त्रियांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. तरी त्यांनी तीन दशके न्यायालयाच्या तारखा, रकमा आणि आदेश यांचा पाठपुरावा केला. संशयाचे रूपांतर प्रश्नात कसे करायचे, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

विचारासाठी प्रश्न

१. १९८५ च्या कायद्यामागचा हेतू आणि त्याचा परिणाम यांत कोणते अंतर पडले? कलम ४ चा आधार घेऊन लिहा.

२. न्यूयॉर्कमधील खटल्यात भारत सरकार आणि युनियन कार्बाइड यांनी घेतलेल्या भूमिका परस्परविरोधी का वाटतात? त्यामागचे आर्थिक कारण स्पष्ट करा.

३. तुमच्या राज्यातील एखादी दुर्घटना निवडा. तिच्याबद्दल ऐकलेली पाच विधाने लिहून त्यांची नोंदीतील तथ्य, आधार असलेले अनुमान आणि तर्क अशा तीन वर्गांत विभागणी करा. प्रत्येक विधान कोणत्या कागदावरून तपासता येईल, तेही सांगा.